टेबलाची सहावी बाजू

सोमवार, ३ मार्च २००३

आधी एक दुरुस्ती. शनिवारच्या पानावर मी लिहिलं आहे की धानोऱ्याच्या या ऑफिसात मला कोणी जेवायला बोलावत नाही. हे बरोबर नाही. बायनाबाईंनी बोलावलं होतं, मी आले त्याच दिवशी. चला ना मॅडम, मांगं बसू सारे, असं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी येते. मग गेले नाही. अर्थात त्या डबा हातात घेऊन चालता चालता म्हणाल्या, थांबल्या नाहीत. त्याला रीतसर बोलावणं म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. पण खोटं लिहिलेलं नको.

दोष माणसांचा नाही, बैठकीचा आहे. मध, डिंक, हिरडा गोळा करणाऱ्या बायांच्या गटांचं हे ऑफिस. जेवायच्या सुट्टीत सगळे गोदामामागे मोहाच्या झाडाखाली बारदान अंथरून बसतात. पाठी वाकलेल्या. सगळे डबे मधे. कोणाचा हात कोणाच्या भाजीत. कारण उघड आहे. एकत्र बसता येईल असं टेबलच इथं नाही.

नागपूरच्या संस्थेनं मला पाठवलं ते याच कामासाठी. बांबूचं ऑफिस फर्निचर. वहीच्या कव्हरवर तीन शब्द लिहून ठेवले आहेत. सहकार्य, लवचीकता, शाश्वतता. टेबल वापरात आलं तर प्रोजेक्ट आणखी एक वर्ष. नाही तर एप्रिलअखेर परत सावली तालुक्यात, घरी.

टेबल झालं की जेवणाचा प्रश्न आपोआप सुटेल. तोपर्यंत आपल्या खुर्चीवरच जेवायचं.


शुक्रवार, ७ मार्च

डिझाइन पूर्ण. सहा त्रिकोण. जोडले की षटकोनी टेबल. सुटे केले की प्रत्येकाचं स्वतंत्र. पाय घडीचे. एकही लोखंडी खिळा नाही, सगळे बांबूचे खुंटे. इतकं हलकं की कोणीही उचलावं. ऑफिसात माणसं पाच. रामाजीभाऊ प्रमुख, बायनाबाई गावोगाव फिरणाऱ्या, प्रफुल कॉम्प्युटरवर, गोविंदा चहापाणी बघणारा, आणि मी. सहावी बाजू पाहुण्यांसाठी.

बांबूकाम वारलू करणार. तो बुरड आहे, मागच्या शेडमध्ये काम करतो. ड्रॉइंग उलटसुलट धरून बघितलं आणि म्हणाला, मॅडम, चांगला टेबल सोडून आपन मोडलेला काऊन बनवून राह्यलो? मी लवचीकतेबद्दल सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, जोडन कोन?

चांगला प्रश्न. मी जोडीन.


बुधवार, १९ मार्च

होळीमुळे काम अडलं होतं. आज पुन्हा सुरू. होळीच्या दिवशी गोविंदा गुलाल घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आला होता. मी आतून सांगितलं की रिपोर्ट लिहिते आहे. तो म्हणाला, मंग दारालेच लावतो. दाराला लावून गेला. अजून पुसलेला नाही. पाणी कमी आहे.


सोमवार, २४ मार्च

टेबल मांडलं! ऑफिसच्या मधोमध. सगळे गोळा झाले. रामाजीभाऊ दोनदा फिरले आणि बेस झाला म्हणाले. गोविंदानं एक त्रिकोण सुटा करून बघितला आणि ओरडला, अरे बाप्पा, हे तं समोसे होय! सगळे खूप हसले. तेव्हापासून सगळे समोसाच म्हणतात.

टोपणनाव पडणं हे स्वीकाराचं लक्षण आहे. रिपोर्टमध्ये घालायचं.


मंगळवार, २५ मार्च

प्रफुल आपला त्रिकोण भिंतीकडे घेऊन गेला. प्लग तिकडे आहे. गोविंदानं एकावर पाण्याचा माठ ठेवला. रामाजीभाऊंनी एक फायलींसाठी आत नेला, पण फाईल चौकोनी असल्यामुळे टोकाला लटकते आणि पडते. बायनाबाईंनी एक डिंक निवडायला मागं नेला.

लवचीकता पहिल्याच दिवशी सिद्ध झाली. सहकार्य उद्यापासून.

मधोमध उरलेले दोन त्रिकोण जोडून मी बसले. एक माझा, एक पाहुण्यांचा.


बुधवार, २ एप्रिल

अकरा वाजता टेबलाशी सगळ्यांची रोज बैठक घ्यावी असं सुचवलं. रामाजीभाऊ म्हणाले, घेऊ ना. पण टिनाच्या छपराखाली अकरालाच तापतं, आणि लाइट गेलेले. सगळे झाडाखाली गेले. मी बसून राहिले. कोणीतरी सुरुवात करायला हवी.

दुपारी डब्यात आईनं पाठवलेली सुक्या झिंग्यांची चटणी होती. बायनाबाई दारातून डोकावून म्हणाल्या, झिंग्याचा वास मोहापावतर येऊन राह्यला न मॅडम! एकट्याच खाऊन राह्यल्या का? मला फार ओशाळल्यासारखं झालं. माफी मागितली. खिडकी लावून घेतली. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि गेल्या. नागपूरच्या हॉस्टेलात एकीनं असंच म्हटलं होतं आणि आपली खाट दुसऱ्या भिंतीला नेली होती. त्याचा इथं काही संबंध नाही.

उद्यापासून बटाटा.


मंगळवार, ८ एप्रिल

नागपूरहून पत्र. संस्थेचे सर शुक्रवारी, २५ तारखेला येणार. टेबल प्रत्यक्ष वापरात आहे का ते बघणार. त्यावरच सगळं ठरेल.

सहाही त्रिकोण परत आणायचे. माठाखालचा ओला झाला आहे. एक शेजारच्या लग्नाला गेलेला आहे. त्यावर वरण ढवळणारा आचारी बसतो म्हणे. गोविंदाला विचारलं, न विचारता कसा दिला. तो म्हणाला, मॅडम, या हापिसातली दुसरी कोनती वस्तू उचलते कोनाले? ही उचलते, म्हणून नेली. लग्नाचं आवतन आपल्यालेबी होतं. म्या सांगलं होतं तुमाले.

सांगितलं होतं, हे खरं आहे. पण तोंडी.


रविवार, १३ एप्रिल

गावी आले. सकाळी तलावावर जाळं ओढलं होतं. काठच्या पाळीवर सगळे गोल बसून मासोळीचे वाटे पाडत होते. मी जवळ गेले तशी सगळी सरकली. मला वाटलं जागा केली. पण बाबांनी शेजाऱ्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागवली. भुईवर नोको बसू माय, म्हणाले, हापिसवाली हायेस तू. मग सगळ्यांना सांगितलं, आमची दामिनी टेबलावर बसते, अन् टेबलबी तिनंच बनवला.

घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबांना एवढं म्हणायचा हक्क आहे.

खुर्ची उंच होती. वाटे कसे पडतात ते वरून सगळं दिसत होतं, पण कोण काय बोलून हसत होतं ते नीट ऐकू येत नव्हतं. जेवायलाही खुर्चीच दिली. ताट मांडीवर. आई, बाबा, काकू, सगळे खाली. आईनं निघताना झिंगे बांधून दिले. नको म्हणायचं होतं, म्हटलं नाही.

बाबांनी विचारलं, सारे बसतात का तुया टेबलावर? मी हो म्हटलं. २५ तारखेला ते खरं होईल, म्हणून हे खोटं धरलेलं नाही.


बुधवार, १६ एप्रिल

दुपारी त्रिकोण बघायला गेले तर ऑफिसात एकही नव्हता. माझासुद्धा. मी हात धुवायला गेले तेवढ्यात नेला असावा.

मागच्या खिडकीतून दिसले. मोहाखाली. सहाही. जोडलेले! बरोबर षटकोन, मधे फट नाही. फक्त पाय घडी करून आत घातलेले. टेबल वीतभर उंच. सगळे बारदानावर मांडी घालून भोवती बसलेले, डबे मधे. रामाजीभाऊ, बायनाबाई, प्रफुल, गोविंदा आणि वारलू.

उंची साफ चूक आहे. हे टेबल अडीच फुटांवर काम करण्यासाठी आहे. पाय घडी होतात ते गाडीत ठेवायला, जेवायला नव्हे.

एक बाजू रिकामी होती. माझ्या जागी वारलू बसला होता, म्हणजे रिकामी ती पाहुण्यांची असावी. सहावी बाजू पाहुण्यांची, हे मी एकदाच सांगितलं होतं. लक्षात ठेवलं याचं समाधान वाटलं.

खिडकी उघडीच ठेवून जेवले.


मंगळवार, २२ एप्रिल

सगळ्यांना समजावलं. शुक्रवारी टेबल आत, पायांवर उभं, प्रत्येक जण आपल्या बाजूला, समोर आपलं काम. आज सराव घेतला. प्रफुल म्हणाला, मॅडम, गॅदरिंगचं नाटक करून राह्यलो का आपन? मले कोनता पार्ट? बायनाबाईंचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकेनात. त्या म्हणाल्या, लोंबते पाय घेऊन मले मधाचा हिशोब नाई सुचत पोरी. रामाजीभाऊ मात्र शेवटपर्यंत ताठ बसले. नंतर कळलं की डोळा लागला होता.

एकंदरीत आशादायक.


शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळी

सगळं तयार. टेबल आत मांडलं. फुलदाणीत पळसाची फुलं ठेवायची होती, बहर संपला. नुसती पानं ठेवली. सर अकराला येणार. रिपोर्ट हातात.


त्याच दिवशी, संध्याकाळी

सर अकराला आले नाहीत. बारालाही नाही. एक वाजला तशी बायनाबाई उठल्या आणि म्हणाल्या, साहेब काई जेवन आननार नाई आपलं. चौघांनी त्रिकोण उचलले. मी म्हटलं, थोडं थांबा. गोविंदा म्हणाला, थांबतो ना मॅडम, मांगं थांबतो.

मी पुढच्या दारात उभी राहिले. पानं वाळत होती.

सरांची जीप मागच्या फाटकातून आली. सावली तिकडे आहे. मी पळत गेले तोवर सर चपला काढत होते. टेबल जोडलेलं, डबे उघडलेले, वारलू हातावर भाकर घेऊन बसलेला. सर रिकाम्या बाजूला टेकणार, एवढ्यात बायनाबाईंनी हात आडवा केला. थांबा थांबा साहेब, तिथी नोका बसू. ते आमच्या दामिनी मॅडमची जागा हाये. रोज ठेवतो. येतो येतो म्हनते, येतच नाई पोरगी. वारलू, सरक रे जरा, साहेबाले जागा दे.

वारलू सरकला. सर प्रफुलजवळ दाटीवाटीनं बसले.

मग सरांना मी दिसले. या की, म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी रिपोर्टचं शेवटचं पान घेऊन येते.

शेवटचं पान माझ्या हातातच होतं.

आत येऊन बसले. टेबल नव्हतं, म्हणून खुर्चीवर नुसतीच. मागून हसण्याचा आवाज येत होता. सर बराच वेळ जेवले.


शनिवार, २६ एप्रिल

टेबल पास. एक वर्ष वाढलं. सरांनी लिहून दिलं की सहकार्य, लवचीकता, शाश्वतता तिन्ही बाबतींत उत्तम, बाकीच्या ऑफिसांसाठीही करावं. खाली एक ओळ. पाय काढून टाकावेत, कोणी वापरत नाही.

पायांवरच सगळ्यात जास्त मेहनत होती. वारलूला सांगितलं. तो म्हणाला, बेस झालं मॅडम, त्या पायापायीच बोटं सोलली माझी.

बाबांना निरोप पाठवला. टेबल पास झालं एवढंच. पायांचं प्रत्यक्ष भेटीत.


बुधवार, ३० एप्रिल

एक दुरुस्ती. १६ तारखेच्या पानावर रिकामी बाजू पाहुण्यांची असावी असं लिहिलं आहे. ते खोडलं.

वारलूनं आज सगळे पाय काढले. चुलीसाठी गोविंदा घेऊन गेला. शाश्वतता.

उद्यापासून तेंदूपानाचा हंगाम. गावोगावच्या बाया जंगलातून पानं तोडून पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, आणतात. तिथं मोजणीला आपली सगळी माणसं लागतात. सगळे चालले. ऑफिस सांभाळायला मी. पाच त्रिकोण गाडीत टाकले. सहावा गोविंदा परत घेऊन आला आणि माझ्या खोलीच्या दाराशी टेकवला, गुलालाच्या डागाजवळ. बायनाबाई गाडीतून म्हणाल्या, तुमचा समोसा तुमच्यापाशी ठेवला. येतान घेऊन या. टेबल एका बाजूनं उघडा राह्यला तं डबे लवंडतात. अन् झिंगे आना, खिडकी लावून नोका खाऊ.

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी येते.

हे या वेळी नीट लिहून ठेवते, पुढे दुरुस्ती नको. बोलावलं. चालता चालता नाही. गाडी थांबवून बोलावलं.

गाडी रोज सकाळी फळीवर ये-जा करणार आहे. म्हणजे कधीही जाता येईल. म्हणजे घाई नाही.

संध्याकाळी खोलीत जमिनीवर बसून बघितलं. त्रिकोण समोर. टोक आपल्याकडे करायचं की बाजू, ते एकट्यानं कळत नाही. मांडी लवकर दुखते, सराव लागेल. बाबांनाही आधी सांगावं लागेल. फळी वीस मेला उठते, दुसऱ्या दिवशी सगळे इथे परत. तोवर सगळं जमेल.

बुधवार, २१ मे. दुपारी, झिंगे घेऊन. मोहाखाली.