सोमवारपर्यंत गप्पच

सोमवार, ३

तीन आठवडे एक शब्दही नाही! कुजबुजायचंसुद्धा नाही – कुजबुज म्हणे जास्त वाईट. स्वरतंतूंवर गाठ आहे. साधी आहे, गप्प राहिले तर जिरेल. "तीस वर्षं वर्गात आणि सभांत ओरडलात बाई, आता गळ्याने संप पुकारलाय," डॉक्टर म्हणाले. जन्मभर संपाच्या बाजूने बोलले. आता काय बोलणार!

शनिवारी बावीसला सभा. कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग बंद करायला निघालेत, आणि मुख्य भाषण माझं. म्हणजे दोन दिवसांनी हुकलं. खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण दवाखाना तळमजल्यावर आहे.

नवऱ्याचं लक्ष माझ्या गळ्याकडे नव्हतंच. तो चष्मेवाला. डॉक्टर आरसा घालून माझ्या घशात बघत होते आणि हा त्यांच्या चष्म्याकडे. निघताना म्हणाला, "काडी सैल झालीय तुमची. दुकानात या एकदा, दोन मिनिटांचं काम." येताना माझ्यासाठी पाटी घेतली. म्हणाला, "मोठी घेऊ का? तुला पुरायची नाही."

मंगळवार, ४

आज काही नाही. म्हणजे मी काही बोलले नाही. त्यालाच आपण 'काही नाही' म्हणतो!

गुरुवार, ६

स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात, जणू मला ऐकू येत नाही. संघटनेच्या अध्यक्षांनी तर कहर केला – मी पाटीवर प्रश्न लिहिला, तर त्यांनी खडू घेऊन खाली उत्तर लिहिलं! मग दोघांनाही हसू आलं, माझं बिनआवाजी.

लिहून होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. आज 'चूक' हा शब्द आठ वेळा लिहिला आणि आठही वेळा कुणाला न दाखवता पुसला. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. नोंद करून ठेवते. राग नाही. थोडा आहे.

रविवार, ९

नवरा बोलतोय!

सत्तावीस वर्षांत या माणसाने वाक्य पुरं केल्याचं मला आठवत नाही. मध्येच थांबायची सवय आहे त्याला. तो थांबला की पुढचं मी बोलते. तो मान डोलावतो. छान चाललंय, असं मी धरून चालले होते.

आज जेवताना म्हणाला, "मला कधीकधी वाटतं की…" आणि थांबला. एरवी मी म्हटलं असतं – की गिऱ्हाईक कमी झालंय. आज थांबावं लागलं. तो पाणी प्यायला. भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "…की दुकानात मी फक्त दाराकडे बघत बसतो. काचा घासायचं काम दिवसाकाठी तासभर. बाकी नुसतं दार."

मी जे बोलले असते त्याच्याशी याचा काडीचा संबंध नव्हता. किती वाक्यांचा असा शेवट केला असेल मी?

बुधवार, १२

दुकान कसं निघालं ते आठवत होते. तेव्हा तो एका मोठ्या चष्मेवाल्याकडे यंत्रावर होता. भाड्याच्या एका खोलीत राहायचो. मी दीड तास बोलले होते – दुसऱ्याच्या यंत्रावर आणखी किती वर्षं? हात तुझे, कसब तुझं, आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची? श्रोता एकच होता, पण भाषण माझ्या उत्तम भाषणांपैकी! शेवटी त्याने मान डोलावली.

मी त्याला होकार समजले. आज पहिल्यांदाच शंका आली.

शुक्रवार, १४

रोज थोडं थोडं बोलतो. काच जास्त घासली की कशी वाजते. लहानपणी आईला काय म्हणून हाक मारायचा. मी हे विचारलंच नव्हतं कधी. जगातल्या सगळ्या क्रांत्यांबद्दल वाचून झालंय माझं.

मंगळवार, १८

सकाळी एकटीच दवाखान्यात गेले. गाठ जिरली! "बोला बाई, आजपासूनच बोला. शनिवारी भाषण करा, फक्त माइक जवळ घ्या." बाहेर पडल्यावर स्वतःचं नाव घेऊन बघितलं. आवाज जरा जाड, पण माझाच. घरापर्यंत चालत आले, पहिलं वाक्य घोळवत.

संध्याकाळी तो दुकान बंद करून आला. चपला काढता काढता म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं…" आणि थांबला. मग माझ्याकडे बघून, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी पाटी उचलली. लिहिलं, "सोमवारपर्यंत गप्पच."

त्याने ते वाचलं. इतकं छोटं वाक्य वाचायला त्याला फार वेळ लागला. मग म्हणाला, "बरं. राहू गप्प."

व्यासपीठावरून सत्याच्या नावाने इतकी वर्षं मूठ आपटली आणि घरात पाटीवर थाप मारली! का मारली ते मला माहीत आहे. मी तोंड उघडलं असतं तर 'तुला एक सांगायचं होतं' हे वाक्य मीच पुरं केलं असतं.

बुधवार, १९

सांगितलं त्याने.

स्टेशनमागच्या भिंगांच्या कारखान्याने त्याला बोलावलंय. दिवसभर फक्त काचा घासायच्या. गिऱ्हाईक नाही, दार नाही, सहाला घरी. दुकान बंद करावं म्हणतो. सोमवारी उत्तर द्यायचंय.

मालक होता तो नोकर होणार! या वयात! आणि हातातलं कसब? आणि दुकानातली इतकी वर्षं? मुद्द्यामागून मुद्दा घशाशी आला, उदाहरणांसकट. पाटी मांडीवर होती. खडू हातात होता. मी खडूचे दोन तुकडे केले, एवढंच.

तो म्हणाला, "एरवी आत्तापर्यंत तू मला पटवून दिलं असतंस. आणि मला पटलंही असतं. हीच तर पंचाईत आहे."

शुक्रवार, २१

अध्यक्ष घरी येऊन गेले. "बाई, तुमच्याशिवाय सभा म्हणजे नुसत्या खुर्च्या!" नवरा आत चहा करत होता. बोलायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. संध्याकाळच्या वर्गांना दिवसभर राबून माणसं येतात. त्यांचं काय?

पण उद्या माइकवर बोलले तर आज रात्रीपासून इथेही बोलावं लागेल. आणि इथे बोलले तर मी जिंकेन. मला हरता येत नाही, कधी शिकलेच नाही.

पाटीवर लिहिलं, "भाषण लिहून देते. तुम्ही वाचा."

शनिवार, २२

अध्यक्षांनी वाचलं. माझी उद्गारचिन्हं त्यांनी पूर्णविरामासारखी वाचली. मागे दोघं जांभया देत होते. मग धुलाई केंद्रात काम करणारी एक विद्यार्थिनी उठली. चार वाक्यं बोलली, त्यातलं तिसरं विसरली आणि तशीच उभी राहिली. कुणी तिला पुढचा शब्द पुरवला नाही. तिचा तिलाच सापडला.

निर्णय महिनाभर पुढे ढकललाय. मी बोलले असते तर आजच मागे घ्यायला लावला असता, असं मला वाटतं. लिहून ठेवते, म्हणजे उगाच माझ्या त्यागाची गोष्ट व्हायला नको. किंमत दुसऱ्यांनी मोजली. पुढच्या महिन्यात मी बोलणार आहे, आणि छप्पर उडवणार आहे!

सोमवार, २४

कारखान्याला हो कळवून आला. दारातच विचारलं, "चालेल ना?"

लिहिलं, "चालेल." अक्षर वाकडं आलं. त्याने पाटी माझ्या हातातून घेऊन कोनाड्यात ठेवली.

मंगळवार, २५

सकाळी पहिलं वाक्य बोलले, "चहा गार होतोय." इतकी तयारी करून हे!

त्याने वरही बघितलं नाही. "जरा जाड झालाय आवाज," म्हणाला. चहा संपवला. चपला घालताना, दाराकडे तोंड करून – "डॉक्टरांची काडी बसवून दिली हं मी. पैसे घेतले नाहीत. फार खूश होते तुझ्या गळ्यावर."

"कधी आले होते?"

"गेल्या मंगळवारी. दुपारी." आणि गेला.

गेल्या मंगळवारी, दुपारी. कारखान्याचं त्याने मला बुधवारी सांगितलं.