एवढ्या उंच छताला एक हूक

नाना, तुमच्या स्टेडियमला आता एसी बसवलाय. 'तुमच्या' म्हणते, कारण आपल्या बडोद्यात, रावपुऱ्यातली जुनी माणसं अजून तसंच म्हणतात, आणि दर वेळी ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तुमचं कसलं? लोकांच्या पैशाचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसली ती इमारत. तुम्ही गेलात तेव्हा तिथे नुसते खांब उभे होते आणि खांबांच्या मधे शेळ्या चरत होत्या. पुढे कितीतरी वर्षं ते तसेच राहिले. मग एकदाचं छत आलं, मग पैसे संपले म्हणून काम थांबलं, मग पुन्हा कुठून तरी पैसे आले. उद्घाटन झालं तेव्हा आई होती. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, शाल पांघरली, तुमचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं. घरी आल्यावर तिने शालीची घडी करून कपाटात टाकली आणि म्हणाली, "मैदानच बरं होतं." बाई आयुष्यात तुमच्याविरुद्ध एवढं एकच वाक्य बोलली असेल.

मैदान म्हणजे काय होतं, हे आता मांजलपूरच्या माझ्या पोरींना सांगून पटत नाही. भर गावात, चारही बाजूंनी दुकानं, आणि मधे ती मोकळी लाल माती. तुम्ही कोयलीहून रिफायनरीच्या बसने उतरायचात, घरी येऊन चहा उभ्यानेच घ्यायचात, आई म्हणायची, "अहो, निदान टेका तरी," तोवर तुम्ही सायकलवर टांग टाकलेली. मुलांसाठी पुरलेला मल्लखांबाचा लाकडी खांब, त्याला एरंडेल चोपडलेलं, आणि आम्हा मुलींसाठी चिंचेच्या आडव्या फांदीला बांधलेला दोर. पायाचा अंगठा आणि दुसरं बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, वर चढायचं आणि वरच आसनं करायची. खाली तुम्ही उभे. "खाली बघू नकोस, खाली मी आहे," म्हणायचात. अजून मी पोरींना हेच म्हणते, फक्त माझा आवाज तुमच्यासारखा लागत नाही, कर्कश लागतो. माझा नवरा म्हणतो, रिक्षावाल्याशी भांडल्यासारखी शिकवतेस.

राग काय एका गोष्टीचा आहे? पालिकेचे लोक आले, भर शहरात इनडोअर स्टेडियम बांधायचं, जागा हीच, असं म्हणाले, तेव्हा आखाड्यातले सगळे म्हातारे एका बाजूला होते आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला. "मैदान देऊ नका हो, एकदा गेलं की गेलं," असं ते सांगत होते. आणि तुम्ही सायकल काढून घरोघरी जाऊन पालकांना पटवत होतात. पाऊस लागला की चार महिने पोरी घरी बसतात, स्टेडियम झालं की बाराही महिने सराव. सांगलीकडचा तुमच्यासारखा एक मुलगा कोयलीला येतो, शेतांच्या मधे बघता बघता तो प्रचंड कारखाना उभा राहिलेला पाहतो, आणि मग आयुष्यभर त्याला वाटतं की कागदावर काढलं की ते जमिनीवर येतंच. पुढारी म्हणाले, "थई जशे, गुरुजी, बधुं थई जशे." तुम्ही घरी येऊन तेच आईला मराठीत सांगितलंत, जसं काही तुम्हीच करून देणार होतात. होईल गं सगळं, होईल!

आणि मग तो दिवस. तुम्ही मला मुद्दाम पालिकेच्या ऑफिसात बरोबर नेलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. टेबलावर निळा नकाशा पसरलेला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर चहाच्या बशा. इंजिनिअर भला माणूस होता, ते मी नाकारत नाही. म्हणाला, "बोला गुरुजी, जागा तुमच्या पोरांची आहे. काय हवं ते आत्ताच सांगा, नंतर बदल होत नाहीत." मी वाट बघत्येय. मला वाटतं, आता तुम्ही दोराचं सांगणार, खांबाच्या खड्ड्याचं सांगणार. तुम्ही चष्मा वर केलात, नकाशात एका कोपऱ्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "इथे मुलींना कपडे बदलायला खोली. संडास-बाथरूमसकट. आतून कडी लागली पाहिजे." बस्स. नमस्कार केलात आणि उठलात.

जिन्यात मी तुम्हाला धरलं. "नाना, अहो हूक? दोर कशाला बांधायचा?" तर तुम्ही हसलात. मला वेड्यात काढल्यासारखे हसलात. म्हणालात, "अगं, बडोद्यात हूक सांगावा लागतो का? स्लॅब टाकताना मिस्त्री आपण होऊन विचारतो, झोपाळा कुठे घेणार. आपल्या दोन खोल्यांच्या घरालासुद्धा न मागता चार हूक सोडलेत त्याने. एवढं मोठं छत बांधणारा माणूस विसरेल होय?" आता यावर माणसाने काय बोलावं! खरंच आहे, या गावात असं घर सापडायचं नाही ज्याच्या छताला झोपाळ्याचे हूक नाहीत. पण नाना, ते घर असतं. घर बांधणाऱ्याला तिथे बसून झोके घ्यायचे असतात. स्टेडियम बांधणाऱ्याला कुठे तिथे यायचं होतं? आणि स्लॅब होताच कुठे, वर सगळा लोखंडी सांगाडा आणि त्याच्याखाली पांढऱ्या फळ्या. खाली चकचकीत लाकडी जमीन. तिला खड्डा पाडायचा नाही, तिच्यावर एरंडेलाचा थेंब सांडायचा नाही. म्हणजे ज्या खेळाचं मैदान घेतलं, तेवढा एक खेळ सोडून तिथे सगळं खेळता येतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

आणि सगळं तरी कुठे खेळतात? लग्नसराईत लग्नं, दिवाळीआधी साड्यांचं प्रदर्शन, उन्हाळ्यात सोफासेटचा सेल. बॅडमिंटनची मुलं येतात, शाळांच्या स्पर्धा होतात, नाही असं नाही. तुमची मुलींची खोलीही आहे. आतून कडी लागते. मंडपवाल्याच्या खुर्च्या तिच्यात कोंबलेल्या नसतात तेव्हा मुली ती वापरतात. ती तुम्ही का मागितलीत, ते मला माहीत आहे. आमच्या तुकडीतली सगळ्यात चांगली मुलगी, जी दोरावर डोळे मिटून झोपल्यासारखी पडायची, ती तेराव्या वर्षी यायची बंद झाली. तुम्ही तिच्या घरी गेलात. तिच्या आईने विचारलं, "गुरुजी, मैदानावर आडोसा कुठे आहे?" तोवर आम्ही दोघी-तिघी चादर धरायचो आणि चौथी तिच्यामागे कपडे बदलायची, तुम्ही पाठ करून उभे राहायचात. आडोसा लागतो, हे तुम्हाला कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. कळतं हो मला. पण एक खोली मागताना सगळं मैदान द्यायचं आणि दोर विसरायचा, याला काय म्हणावं? खोली मैदानाच्या कडेलाही बांधता आली असती. विटा आणि पत्रा लागला असता, आणखी काय?

मी इतकी वर्षं मांजलपूरला आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये शिकवलं. झोपाळ्याचा मोठा लोखंडी सांगाडा आहे, त्यातला झोपाळा काढायचा आणि दोर बांधायचा. पोरी जरा चढल्या की डोकं दांडीला लागतं. वरची निम्मी आसनं मी त्यांना तोंडी शिकवली आहेत. पोहायला तोंडी शिकवतात का कुणी? यंदा सोसायटीने तेही बंद केलं. पार्किंग करायचंय. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण एखादी पडली-झडली तर?" पडली-झडली! त्यांचा नातू रोज स्कूटरवर उभा राहून जातो, ते चालतं.

मग मी स्टेडियमवर गेले. तिथला मॅनेजर आपल्यातलाच, दांडिया बाजारातल्या मराठी घरातला, पण ऑफिसच्या खुर्चीत बसला की त्याला गुजराती फुटतं. "बेन, छतने हाथ ना लगाडाय." म्हटलं, अरे, सोफ्याच्या सेलला छतापासून हे एवढाले बोर्ड टांगता, ते काय दाताने धरून ठेवता? तेव्हा हळूच मराठीत आला आणि म्हणाला, "ताई, मला कशाला मधे घालता, कॉर्पोरेटरसाहेबांना भेटा." भेटले. साहेब एकदम गोड. खुर्ची दिली, चहा दिला. "तमे तो घरनां माणस, बेन. हूक ना? थई जशे." तो शब्द ऐकला आणि नाना, मला तुमचाच राग आला, समोरच्याचा नाही. मग साहेबांनी स्वतःचं काम काढलं. एसी बसवला म्हणून कार्यक्रम आहे. पेपरवाले लिहितायत की एवढा पैसा ओतला, शहराला मिळालं काय, आणि आता वर एसीचं बिल. ज्या गुरुजींनी जागा मिळवून दिली त्यांच्या मुलीने दोन शब्द बोलावेत. वडिलांचं स्वप्न होतं, पैसा सार्थकी लागला, एवढंच.

मला तिथून उठून यायचं होतं. आईची शप्पथ, मी पर्स खांद्याला लावलीही होती. पण घरी काय घेऊन जाणार होते? सोळा वर्षांची एक पोरगी आहे माझ्याकडे, हडकुळी, गुजराती घरातली, घरच्यांशी भांडून येते. तिला पुढच्या वर्षी राज्याच्या संघासाठी उतरायचंय आणि पूर्ण उंचीचा दोर तिने अजून पाहिलेला नाही. दोर मिळाला नाही तर तीही सुटणार, ते मला दिसत होतं. मी परत बसले. म्हटलं, "साहेब, बोलते. पण आधी हूक, मग भाषण." ते हसले. मी नाही हसले. मी तुमच्यासारखी नाही, एवढं तरी शिकले आहे.

हूक बसला. सांगाड्याच्या मुख्य तुळईलाच धरून बसवला, फळीत नाही. मी स्वतः दोर बांधून त्याला लोंबकळून बघितलं, या वयात, साडीचा काचा मारून. मॅनेजर खाली "ताई, ताई" करत उभा. आणि परवा मी माइकसमोर उभी राहिले. समोर सगळे बसलेले, थंडगार हवा, आणि मी बोलले. नाना असते तर आज त्यांना फार आनंद झाला असता. त्यांनी हेच स्वप्न पाहिलं होतं. लोकांचा पैसा न् पैसा सार्थकी लागला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तुमचा फोटो आला आणि त्याच्याखाली माझी वाक्यं, तुमची म्हणून. आखाड्यातले एक म्हातारे अजून आहेत. त्यांनी फोन केला आणि नुसतं विचारलं, "तूसुद्धा का गं?" मी म्हटलं, काका, तब्येत कशी आहे.

भाषणानंतर ती पोरगी दोरावर चढली. झोपाळ्याच्या दांडीच्या उंचीला आली तशी सवयीने थबकली, मान आत घेतली. मी खालून ओरडले, "अगं, जा! वर काही नाहीये!" ती गेली. वर जाऊन तिने पायांनी दोराची अढी घातली आणि हात सोडून दिले. मी रडले नाही, उगाच तसं समजू नका. मी संतापले होते. उद्घाटन झालं त्याच दिवशी हा हूक तिथे असता तर किती पोरी अशा वर गेल्या असत्या? त्या सगळ्या कुठे गेल्या? कुणाची लग्नं झाली, कुणी जाड झाल्या, कुणी आता माझ्याकडे स्वतःच्या मुलीला आणून सोडतात आणि दाराशीच उभ्या राहतात. त्या पैशातून काय वसूल झालं, हे मला पेपरवाल्यांनी विचारलं असतं तर मी खरं तेच सांगितलं असतं. नाही झालं. एका पोरीने एकदा हात सोडले म्हणून एवढ्या मोठ्या इमारतीची किंमत फिटत नाही. पण मला विचारलंच नाही कुणी, आणि मी सांगायला गेले नाही, कारण हूक काढायला काय, पाच मिनिटं लागतात.

तुम्ही खोलीसाठी मैदान दिलंत, मी हुकासाठी तुमचं नाव दिलं. यात कोण शहाणं, ते मला विचारू नका. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळची वेळ मिळाली आहे, लग्न नसेल तेव्हा.

एक सांगते. तुम्ही आज समोर बसला असतात तर यातलं काहीही मी तुम्हाला सांगितलं नसतं. चहाचा कप हातात देऊन म्हटलं असतं, "नाना, पालिकेने आपण होऊन हूक बसवून दिला, मागावासुद्धा लागला नाही." आणि तुम्ही ते लगेच खरं मानलं असतं.