चान्या आणि सुकट

बाबा,

मागच्या महिन्यात मी घरी मटण वाळवून चान्या केल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, म्हणजे तीस-बत्तीस वर्षांनी. उजवा हात अजून दुखतो. शाळेतून निवृत्त झाले, भंडाऱ्यात स्वतःचं घर आहे, वर गच्ची आहे, वेळच वेळ आहे. फक्त अंगात जोर राहिला नाही. दोन किलो मटण कापताना तीनदा सुरी खाली ठेवावी लागली. तुमच्या वेळी बैलाचं मिळायचं. आता कायद्याने ते बंद आहे, म्हशीचं मिळतं, ते आणलं. सगळं कापून झालं आणि मग लक्षात आलं, की मीठ किती लावायचं हे मला माहीतच नाही. तुम्ही मुठीने घ्यायचात आणि मी कधी विचारलं नाही.

नाकाडोंगरीच्या घरी हे काम तुमचं एकट्याचं होतं. बाकी चूल मायची, पण चान्यांना ती हात लावत नसे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही सकाळी आंघोळ करता, हाताच्या रेषांत बसलेली खाणीतली काळी मॅंगनीजची धूळ दगडाने घासून काढता, आणि घरामागच्या सांदवाडीत पाट टाकून बसता. मोठा तुकडा एका हातात धरून सुरी फिरवत जाता, आणि तो दोरीसारखा उलगडत लांब होतो, कुठेही न तुटता. मग जाडं मीठ, हळद, तिखट. रात्रभर मडक्यात, वर दगड. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं असायचं, ते निथळून पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या. कावळे हाकलायला मी. तीन-चार दिवसांच्या उन्हात त्या काळ्या, कडक व्हायच्या, आणि मग पावसाळ्यात जेव्हा भाजीला काही नसे तेव्हा तुम्ही दोन-तीन चान्या निखाऱ्यावर टाकायचात. चरचर आवाज यायचा. पाट्यावर ठेचून, वरून जवसाचं तेल सोडून, गरम भातासोबत. एकदा मी हट्टाने सुरी घेतली होती. तुम्ही माझी पट्टी बोटांत धरून पाहिली आणि म्हणालात, "पातळ काप, पोरी. जाड ठेवशील त अंदरून सडते. कायले एवढी घाई करून राहिली?"

पण मला लिहायचं आहे ते एकोडीच्या खोलीबद्दल.

मला तिथल्या शाळेत नोकरी लागली त्याला तीनच महिने झाले होते. धानाची शेती असलेल्या एका घरात मागच्या बाजूची खोली भाड्याने मिळाली होती. घरमालकीण काकू भल्या होत्या, ताक आणून द्यायच्या, पण खोली देताना आमचं गाव कुठलं, वडील काय करतात, हे सगळं विचारून घेतलं होतं. आपण बौद्ध आहोत हे त्यांना कळलं होतं. आपण काय काय खातो हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एका रविवारी तुम्ही न कळवता आलात. दोन एसट्या बदलून. पिशवीत पेपरात गुंडाळलेल्या चान्या. मी अंगणात धुणं धूत होते, तेवढ्यात तुम्ही माझी शेगडी पेटवून दोन चान्या वर टाकल्यासुद्धा. वास आला तशी मी धावत आत आले, आणि माझ्या मागोमाग काकू दारात.

"बाई, हा कायचा वास येऊन राहिला?"

मी तुमच्याकडे न बघता म्हणाले, "सुकट आहे काकू. बाबांनी आणली."

तुम्ही शेगडीजवळ उकिडवे बसला होतात. हातातला चिमटा तसाच राहिला. मग मान वर करून काकूंना म्हणालात, "हो बाई. सुकटच हाय."

काकूंचा चेहरा मोकळा झाला. "सुकट हाय का! मंग आमालेबी द्या ना थोडीशी. आमच्या घरी सगळ्यायले आवडते."

"एवढीच होती," तुम्ही म्हणालात. "पुढच्या खेपेले आणतो."

त्या गेल्यावर आपण दोघं जेवलो. तुम्ही चान्या माझ्या ताटात वाढल्या, मी खाल्ल्या. उरलेलं पुडकं तुम्ही परत पिशवीत टाकलंत. एसटीची वाट पाहत उभे होतो तेव्हा मी विचारलं, "बाबा, राग आला का?"

"राग कायचा? तुले तिथं राहाचं हाय, मले नाही." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. "पन मले आंधी सांगाचं होतं, बाई. मी भाजलंच नसतं."

पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा आलात, पिशवीत खरंच सुकट घेऊन. अर्धा किलो तरी असेल. थेट काकूंच्या दारापुढच्या सपरीत जाऊन पुडकं त्यांच्या हातात दिलंत, त्यांच्याकडे चहा घेतलात, धानावर पडलेल्या रोगाबद्दल बोललात. माझं खोटं तुम्ही स्वतः खरं करून दिलंत. त्यानंतर चार वर्षं तुम्ही त्या खोलीवर येत होतात, दरवेळी काकूंसाठी सुकट, माझ्यासाठी कधी पोहे, कधी लाखोरीची डाळ. चान्या एकदाही नाहीत. मी मागितल्याही नाहीत. मग खोकला वाढला, आणि तुम्ही गेलात.

आता माझी लेक नागपूरला नोकरी करते. तिनेच विषय काढला, "आई, आजोबा चान्या करायचे म्हणतेस, मग तू का नाही करत?" तिच्यासाठी केल्या. मीठ जास्त झालं, काही पट्ट्या जाड राहिल्या, त्या फेकाव्या लागल्या. गॅसवर जाळी ठेवून भाजल्या. तिला मात्र फार आवडल्या. उरलेल्या डब्यात भरून घेऊन गेली. परवा फोनवर सांगत होती, ऑफिसात सगळ्यांसमोर डबा उघडला, कुणी विचारलं तर म्हणाली, माझ्या आजोबांची रीत आहे. हसत होती. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण फोन ठेवल्यावर मी नुसती बसून राहिले, दिवसभर उभं राहून शिकवल्यावर बसायचे तशी.

हा कागद लेकीच्या हाती पडू देणार नाही. कारण तिला मी सांगितलं होतं, ऊन कडक व्हावं म्हणून पंधरा दिवस थांबले. ते खरं नाही, बाबा. शेजारचे लग्नाला गावी जाणार होते. मी ते जायची वाट पाहत होते.