कावेरी की निलोफर

लातूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रविवारी मिळाली. आम्ही दोघं बरे आहोत. कुसुमचा गुडघा थंडीमुळे थोडा धरतो, बाकी काही नाही. शेंगदाण्याची चटणी कुरिअरने पाठवली आहे. डबा फुटका निघाला तर कळव.

काल तुला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा चटणीचंच बोललो. म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं की या कागदांचे फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवतो. शनिवारच्या आत तू हे वाचायला हवं.

मेलमधला बोटीचा मजकूर मी चार वेळा वाचला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा कावेरीच्या अंगात ज्या पट्ट्यांना अडकवल्या आहेत, तिथे तपासणीवाल्याला गंजाचे डाग दिसले. आतून किती खाल्लं आहे ते उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि मालक उघडू देत नाही. तरी तू शनिवारी खरेदीवर सही करणार आणि जानेवारीत तीच बोट घेऊन कोचीला जाणार. "अनिमेषने निवडलेली बोट मी नाकारणार नाही," असं लिहिलंस.

मला बोटीतलं काही कळत नाही. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा देवणीला. समुद्र एकदाच पाहिला, तुमच्या लग्नात. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी अनिमेष मुंबईत शिडाची बोट चालवायला शिकला. शेजारचे रामलिंग अजून म्हणतात, "साहेब, हितं घागरीला पाणी न्हाई अन् तुमचं पोरगं नाव हाकायलंय." हे त्याला सांगितलं की तो फोनवर हसत सुटायचा.

जूनमध्ये त्याने विकायला निघालेल्या दोन्ही बोटींचे फोटो पाठवले. तेव्हापासून दर रविवारी आमचा तोच विषय. दोन्ही चाळीस वर्षांच्या आसपासच्या. कावेरी तेहेतीस फूट आणि साडेसहा टन. निलोफर एक फुटाने लांब, पण वजन चारच टन, डोलकाठी उंच, तळाचा कणा अरुंद आणि खोल. कावेरीत पाणी, सामान, झोपायची जागा भरपूर, लाटेत कमी हलते, पण शर्यतीत शेवटी येणार. निलोफर पळते, पण आत वाकून वावरावं लागतं आणि सुकाणूवर बसणारा भिजून निघतो. त्याला दोन्ही हवं होतं. रविवारी शर्यत आणि सुट्टीत लांबचा प्रवास.

मी म्हटलं, "कावेरी म्हणजे आपला देवणी बैल. निलोफर शंकरपटात शर्यतीला पळणारा खोंड."

मागून कुसुम म्हणाली, "तुम्ही बैलाचं सांगत बसलात. ते पोरगं बोटीचं विचारतंय."

"बोलू दे गं बाबांना," अनिमेष म्हणाला. "अजून दात बघ म्हणाले नाहीत."

फोटोवरून जनावर घेऊ नका, हे मी शेतकऱ्यांना नोकरीभर सांगत आलो. आणि कावेरी मला फोटोवरूनच पसंत पडली. हाडापेराने भारी दिसली, एवढंच.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

अनिमेषच्या तेराव्याला सगळे जेवून उठल्यावर तू गच्चीवर आलीस. मी पत्रावळी गोळा करत होतो. "बाबा, तो शेवटी तुम्हाला काही बोलला होता का? कोणती घ्यायची?" असं विचारलंस. मी म्हटलं, "कावेरी."

ते खोटं होतं.

तू एकटी समुद्रात जाशील हे मला तेव्हाच दिसलं. भारी बोट तुला सांभाळेल असं वाटलं. आणखी एक वाटलं, तेही लिहितो. ती इतकी संथ आहे की तुला कंटाळा येईल, तू बोटीचा नाद सोडशील आणि अधूनमधून लातूरला येत राहशील. असा माझा हिशेब होता. तू मात्र त्या एका शब्दासाठी गंजलेल्या पट्ट्यांची बोट घ्यायला निघालीस. तुझ्या मेलमध्ये एक ओळ आहे, "मला स्वतःला निलोफर आवडली होती, पण असो." ती ओळ वाचल्यापासून मला जेवण जात नाही. कुसुमला वाटतं अॅसिडिटी आहे.

तू जाऊ नकोस असंही लिहिणार होतो. तो अधिकार मी गच्चीवरच घालवला. तू कुठलीही बोट घेतलीस तरी मी इथे हवामानाच्या बातम्या बघत बसणार. दुसरं काही माझ्या हातात नाही.

दहा ऑगस्टच्या रविवारी, तो आजारी पडायच्या आठवडाभर आधी, अनिमेष म्हणाला ते आठवतं तसं लिहितो:

"बाबा, ठरलं. निलोफर. तुमचा बैल राहू द्या. कावेरी समोरच्या वाऱ्यावर चढतच नाही. हवा बिघडली की ती अजून वाटेत असेल आणि निलोफर बंदरात पोचलेली असेल. आणि मुग्धाचा हात निलोफरच्या सुकाणूवर बसतो. मी बाजूला बसून पाहिलंय, तिला सांगावं लागत नाही. तिला आत्ता बोलू नका. नऊ सप्टेंबरला वाढदिवस आहे, तेव्हा मीच सांगतो."

हे त्याने तुझ्यासाठी माझ्याकडे ठेवलं होतं. नऊ तारखेला मी तुला फोन केला, शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

निलोफर विकली गेली असली तर मला काही उपाय सुचत नाही. पण कावेरीवर सही करू नकोस. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. "सही केली नाही" एवढंच कुसुमच्या फोनवर लिही. तिला यातलं काही माहीत नाही. ती मला वाचून दाखवेल आणि कशाची सही म्हणून विचारेल. मग तिलाही सांगेन.

उद्धव