गोगलगायींचं विष आणि माझी सोयरीक

ती. फादर मकारियो मामांस,

तुमचा हात कपाळी लावून तेरियोचा नमस्कार. ईस्टरच्या धावपळीत तुमचा दमा उसळल्याचं आईकडून कळलं. आता उतार असावा. इकडे ओलांगो बेटावर सर्व क्षेम, फक्त माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे (प्रवचनात तुम्ही 'समुद्रातून औषध शोधणारा माझा भाचा' म्हणता, ऐकायला बरं वाटतं). प्रत्यक्षात मी शंखातल्या विषारी गोगलगायींचं विष काढतो. असह्य वेदनांवर त्यातून नवं औषध शोधतोय. गोगलगायीला मासा दाखवायचा, तिने सोंड काढली की मासा मागे आणि नळी पुढे. डंख आरपार जाऊन विष नळीत पडावं म्हणून नळीवर मात्र पातळ, ताणलेलं रबर लागतं, आणि तसं रबर निरोधाचंच असतं. (क्षमा असावी, शास्त्राला दुसरं सापडलेलं नाही.) बेटावर औषधाचं दुकान एकच, दोरोतेआबाईंचं. त्या माझ्या होणाऱ्या बायकोच्या, मेलिताच्या, सख्ख्या आत्या.

दर आठवड्याला मी पाकिटांचा गठ्ठा न्यायचो. बाई मला काही बोलल्या नाहीत, थेट भावाला बोलल्या. रविवारी चर्चच्या दारातच मेलिताचे वडील, नोंग कुलास, आडवे आले.

"कोणासाठी रे एवढे?"

"गोगलगायींसाठी," मी खरं ते सांगितलं. मेलिता रडायला लागली.

शेवटी बापलेकीला प्रयोगशाळेत नेलं. एरवी वखवखलेली गोगलगाय नेमकी उपास धरून बसली. "ही तर तुला ओळखही देत नाही!" म्हणत नोंग कुलासनी तिला डिवचायला पाण्यात बोट घातलं. सोंड बाहेर आली. त्या डंखाने माणूस मरतो, मामा. मी भावी सासऱ्यांना ढकलून माशांच्या बादलीत पाडलं. तेवढ्यात मेलिताने नळी उचलून पुढे धरली. टक्कन डंख रबरावर बसला.

"एवढासा थेंब? यासाठी एवढी अब्रू गेली?" ती म्हणाली.

नोंग कुलास बादलीतूनच बघत होते. मेलिताची आई पाठीच्या कळांनी अंथरुणाला खिळली आहे. हळूच म्हणाले, "औषध कधी निघेल?"

"वर्षं लागतील. कदाचित निघणारही नाही."

"मग लग्न आधी उरका. तिला बघू दे."

तेव्हा मे महिन्यात तुम्हीच येऊन लग्न लावावं.

तुमचा,
तेरियो

ता. क. दोरोतेआबाईंनी मला विक्री बंद केली आहे. तुमच्या चर्चसमोर मोठं औषधाचं दुकान आहे. जाताना झगा घालू नये.

ता. ता. क. स्ट्रॉबेरीच्या वासाचे आणू नका. गोगलगायी तोंड फिरवतात.