मागच्या दाराचं हँडल

रविवार, सेलू

आज गाडीच्या मागच्या दाराचं आतलं हँडल जोडलं. चिरेत सुपरग्लू सोडला, वर खायचा सोडा भुरभुरला, वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासलं. आता चीर बोटालाही लागत नाही. जुनी गाडी, उन्हानं प्लास्टिक पार कडकलेलं. ते कधी ना कधी तुटणारच होतं.

मग मी आईवर काऊन ओरडलो?

गेल्या उन्हाळ्यात तिला सेवाग्रामला दवाखान्यात नेत होतो. पोटात कळ आली की ती हँडल आवळायची. कट्‌ आवाज झाला. मी म्हटलं, "आई, हळू धर ना! तुटून राह्यलं ते."

तिनं लगेच हात काढले. दवाखाना येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. कळा थांबल्या नव्हत्या. तिथून ती घरी आलीच नाही. वर्ष झालं, मला मांडीवरचे ते हातच दिसतात.

संध्याकाळी बायको मागं बसून पाहत होती. हँडलकडे हात नेला आणि थांबली. "धरू का? तुटन तर नाई?"

"धर," मी म्हटलं. "तुटलं तर तुटलं."

एवढंच आईले म्हणायचं होतं.