गंगूला घोटीची गाडी शिकवणे

सोमवार, ता. ४
मी, पुंजाजी सखाराम, वय ७४, इयत्ता चौथी उत्तीर्ण, फुलांच्या मळ्याचा मालक, राहणार नाशिक रोड, स्वहस्ते नोंदवितो की, धाकटी बहीण गंगू (वय ५८, विधवा, माझ्याच आश्रयास) हिला आगगाडीने एकटीने जाण्याचे शिक्षण देण्यास आज आरंभ केला. कारण, तिची मुलगी सुमन घोटीस असून तिचे दिवस भरत आले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. परंतु भातगिरणीतील हमालाशी आपल्या मनाने लग्न करणारीस या घराचा उंबरा नाही आणि घोटीत मी पाय ठेवणार नाही, हे त्याच वेळी बजावले आहे. गंगूस एस.टी. लागते, उलट्या होतात. सबब गाडी.

बुधवार, ता. ६
स्टेशन. गंगू दिसेल त्याला विचारते, "ही घोटीला थांबती का हो?" तीन माणसांना एकच प्रश्न. तिला सांगितले, पाटी वाचावी, विचारू नये. विचारणारा आपले अडाणीपण चव्हाट्यावर मांडतो.
"तुम्ही नका मांडू, दादा. मी मांडते."
देवळाली, लहवीत, अस्वली, पाडळी, घोटी. ही स्थानके तिने जात्यावरच्या ओवीच्या चालीवर पाठ केली. स्थानकांना चाल लावणारी बाई प्रथमच पाहिली.

शनिवार, ता. ९
सोबत घेऊन सराव. घोटीस सुमन फलाटावर उभी, पोट सावरीत. हिला कोणी कळविले ते उघड आहे. खिडकीशी येऊन, "मामा, उतरा की. चहा तरी."
मी पाडळीच्या दिशेस पाहत राहिलो. गंगूसही उतरू दिले नाही. शिक्षण अपुरे होते. इगतपुरीस जाऊन त्याच गाडीने परत. येताना गंगू पदर तोंडावर घेऊन पडून होती. शिकण्याची ही तऱ्हा.

मंगळवार, ता. १२
गंगू एकटी गेली. देवळालीसच उतरेल अशी माझी खात्री. डब्यात बसवून बजावले, "कोणाला विचारू नकोस. गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने परत. न आलीस तर येऊच नकोस."
"हो दादा."
दुपारी फोन. पोचली. नशीब.

बुधवार, ता. १३
भाकरी करपली. कालही. हल्ली पीठच निकृष्ट येते.

गुरुवार, ता. १४
संध्याकाळची गाडी आली. सर्व डबे पाहिले. गंगू नाही. फोन लावला.
"दादा, तुम्ही जायचं शिकवलं. घोटीहून परतीची गाडी कुठल्या फलाटाला लागते, ते कुठं शिकवलं? न्यायला या."
"विचार कोणाला तरी."
"तुम्हीच म्हणले ना, विचारू नको."
मागे सुमनचा नवरा हसला. हमालच तो. त्याच्याही मागे तान्हे मूल रडत होते. कोणाचे, हे मी विचारले नाही.
तिकीट खिडकीवर गेलो. आतल्या मुलाने "कुठलं, बाबा?" असे दोनदा विचारले. मागच्या माणसास पुढे जाऊ दिले व बाकावर येऊन बसलो. इगतपुरीकडची गाडी पुकारली आहे.
हे सर्व फलाटावरील बाकावर लिहिले. त्या वेळी समक्ष हजर: चहावाला रफिक, आणि गजरे विकणारी मथुरा, जी पाटी न वाचता मला विचारते, "बाबा, घोटीला का?"